पेमेंट आधी, ग्रेडिंग नंतर: पॅरलल गेटवेच्या आतून लूप काढला की होणारा घोळ

मागच्या आंबिया बहारात आमच्या वर्कफ्लोने संत्र्याच्या एका गाडीचं पेमेंट तिचं ग्रेडिंग व्हायच्या आधीच काढून टाकलं. लॉगमध्ये एक एरर नाही. डॅशबोर्डवर ती केस हिरवी, 'पूर्ण'. दुपारी ग्रेडिंगवाल्याचा फोन आला, "काऊन हो सर, माझ्या यादीतून गाडी गायब झाली? मी तर अजून कॅरेटंच मोजून राहिलो ना!"

ज्याच्या प्रोसेसमध्ये पॅरलल गेटवे (काम एकमेकांवर न अडणाऱ्या फाट्यांत वाटणारं किंवा ते फाटे परत जोडणारं चिन्ह; वाटतो तो फोर्क, जोडतो तो जॉइन) आहे आणि त्याच्या आतून 'परत पाठवा'चा बाण मागे गेलेला आहे, त्याच्या दारात हा घोळ आज ना उद्या येतोच. पंचाईत अशी की दरवेळी तो वेगळा वेष घेऊन येतो. कधी केस जॉइनवर अडकून बसते, कधी एकच काम एकाच माणसाकडे दोनदा येतं, कधी न झालेलं काम झालं असं धरून प्रोसेस पुढे सरकते. म्हणून लोक तीन वेगळे बग समजतात आणि तीन ठिकाणी ठिगळं लावतात. आम्हीही लावली. तीही खाली सांगतो, कारण तुम्ही बहुतेक त्यातल्याच एखाद्या ठिगळावर सध्या थांबलेले असाल.

आकृती काय होती

आम्ही बसतो आयटी पार्कात. ग्राहक म्हणजे नागपुरात कळमन्याच्या बाजूला संत्रा खरेदी करणारा एक व्यापारी. काटोल-नरखेडकडून गाडी आली की 'गाडी नोंद' होते आणि धर्मकाट्यावर वजन होतं. तिथून काम दोन फाट्यांत जातं. एका फाट्यावर ग्रेडिंग. दुसऱ्या फाट्यावर ऑफिसातल्या ताई कागद तपासतात: काटा पावती, शेतकऱ्याचं बँक खातं, आधी काही उचल दिली असेल तर ती. दोन्ही झालं की पॅरलल जॉइन आणि मग पेमेंट ऑर्डर.

ग्रेडिंगमध्ये वाद होतात. शेतकरी म्हणतो माल मोठा आहे, ग्रेडर म्हणतो निम्मा बारीक आहे. मग गाडी परत काट्यावर, परत ग्रेडिंग. हा मागे जाणारा बाण आम्ही ग्रेडिंगनंतरच्या एक्सक्लुसिव्ह गेटवेतून (अनेक वाटांपैकी एकच निवडणाऱ्या चिन्हातून) काढला. अगदी पहिल्या आवृत्तीत तो थेट फोर्क गेटवेवरच टेकवला होता आणि पहिली टेस्टच लटकली. ही चूक इतकी सर्रास होते की आधी तीच तपासा. पॅरलल गेटवेमध्ये दोन बाण आत यायला लागले की तो नुसता फोर्क राहत नाही, जॉइनही होतो. मग तो दोन्ही बाणांवर टोकन, म्हणजे 'आत्ता काम इथे आहे' अशी खूण, यायची वाट पाहतो. पहिल्या फेरीत मागच्या बाणावर टोकन असणार कुठून? लूप सुरूच झालेला नाही. तुमची केस सुरू होताच फोर्कपाशी मरत असेल तर कारण बहुतेक हेच. उपाय: फोर्कच्या आधी एक एक्सक्लुसिव्ह गेटवे टाका आणि मागचा बाण त्यात सोडा. एक्सक्लुसिव्ह गेटवे कोणाची वाट पाहत नाही, आलेलं प्रत्येक टोकन तसंच पुढे सोडतो.

आम्ही तेच केलं, बाण 'गाडी नोंद'च्या आधीच्या एक्सक्लुसिव्ह गेटवेवर नेला, टेस्ट पास झाली आणि रिव्ह्यूत कोणी एक प्रश्न विचारला नाही. खरा आजार तिथून सुरू झाला.

फुटाण्यांचा हिशेब

बीपीएमएन २.० हे अशा आकृत्या काढायचं मानक, ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेलं. त्यात प्रत्येक चिन्हाचं वागणं टोकनच्या भाषेत सांगितलेलं आहे. फोर्क एका टोकनची जितके बाण बाहेर जातात तितकी करतो. जॉइन आत येणाऱ्या प्रत्येक बाणावर किमान एक टोकन आल्यावर प्रत्येकातलं एकेक उचलतो आणि एकच पुढे सोडतो. पटणार नाही, पण एवढं तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा आकृती वाचताना टोकन मोजत नाहीत, बाण वाचतात. आम्हीही बाणच वाचत होतो: "ग्रेडिंग फेटाळलं तर परत नोंद." वाक्य बरोबर आहे. चित्र चूक आहे.

शेवटी आम्ही आकृतीची ए-थ्री प्रिंट काढली, खाली तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नेली आणि त्यावर फुटाणे ठेवून खेळलो. पाच मिनिटांत कळलं. तुम्हीही वाचता वाचता बोटाने सरकवून पाहा.

एक फुटाणा 'गाडी नोंद'वर. फोर्कवर आला, दोन झाले: एक ग्रेडिंगवर, एक कागदांवर. ताईंचं काम दहा मिनिटांचं, त्यांचा फुटाणा जॉइनवर जाऊन बसला. ग्रेडिंगमध्ये वाद झाला, तो फुटाणा उचलून परत 'गाडी नोंद'वर ठेवला. इथे थांबा आणि कागद बघा. जॉइनवरचा फुटाणा कुठे गेला? कुठेच नाही. तो तिथेच बसून आहे. आपण एकाला मागे नेलं, त्याच्या जोडीदाराला कोणी काही सांगितलंच नाही.

आता दुसरी फेरी. मागे आलेला फुटाणा फोर्कवर परत दोन होतो. म्हणजे एका गाडीचे कागदावर तीन फुटाणे: जुना कागदवाला जॉइनवर, नवा ग्रेडिंगवाला, नवा कागदवाला. ताईंच्या यादीत तीच गाडी पुन्हा येते. त्या म्हणतात, "हे तर मी सकाळीच केलं होतं," आणि दाबून मोकळ्या होतात. दुसरा कागदवाला फुटाणाही जॉइनवर येतो. ग्रेडर अजून मालाजवळच उभा आहे.

पुढे काय होणार ते इंजिनवर, म्हणजे आकृती वाचून टोकनं सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अवलंबून आहे, आणि डोकं सगळ्यात जास्त इथेच फिरतं. मानकाप्रमाणे वागणारं इंजिन म्हणेल: दोन टोकनं आहेत खरी, पण दोन्ही कागदांच्या बाणावरून आलेली, ग्रेडिंगचा बाण रिकामा आहे, थांबा. मग ग्रेडिंग होईल, जॉइन एकदा उघडेल, पेमेंट बरोबर निघेल, पण कागदांचं एक टोकन मागे उरेल आणि केस कधीच संपणार नाही. डॅशबोर्डवर ती महिनाभर 'चालू' दिसेल.

अ‍ॅक्टिव्हिटीच्या घराण्यातल्या इंजिनांचा हिशेब वेगळा. अ‍ॅक्टिव्हिटी २०१० मध्ये आलं आणि त्यातून २०१३ मध्ये कामुंडा फुटलं. आमचं इंजिन याच घराण्यातलं. अ‍ॅक्टिव्हिटी ५ आणि कामुंडा ७ यांचा जॉइन आत येणारे बाण किती आणि येऊन थांबलेली एक्झिक्युशन्स (या इंजिनांच्या भाषेत टोकनं) किती, एवढंच मोजतो. दोन बाण, दोन जण आले, उघड. कोण कुठून आलं ते विचारत नाही. शेअर ऑटोवाला जसा डोकी मोजून निघतो, तसं. लग्नात असं केलं तर वराकडचे दोन काका मांडवात आले की भटजी मंगलाष्टकं सुरू करतील, नवरी अजून पार्लरमध्येच.

आमचं नेमकं हेच झालं. कागद अधिक कागद मिळून दोन, आणि पेमेंट निघालं. मग ग्रेडिंगचं टोकन एकटंच जॉइनवर आलं आणि कधीच न येणाऱ्या जोडीदाराची वाट पाहत बसलं. आणखी वाईट प्रकार म्हणजे ग्रेडिंग दुसऱ्यांदाही फेटाळलं गेलं तर. तेव्हा तिसरी फेरी नवी जोडी घेऊन येते, जॉइन पुन्हा उघडतो आणि पेमेंट ऑर्डर दुसऱ्यांदा तयार होते. आमच्या बाजूला बँकेची फाइल हाताने तपासूनच जायची, म्हणून पैसे दोनदा गेले नाहीत.

यात इंजिनाला दोष देऊन काही होत नाही. दोन्ही इंजिनांत चूक एकच आहे आणि ती आकृतीत आहे. फोर्क आणि जॉइन मिळून एक कुंपण तयार होतं. लूप पूर्ण कुंपणाच्या आत, एकाच फाट्यात असला तर चालतो. पूर्ण कुंपणाबाहेर असला तरी चालतो. एका फाट्यातून उडी मारून बाहेर गेला की मागे उरलेल्या टोकनचा वाली कोणी नसतो. कार्ल अ‍ॅडम पेट्रीने १९६२ च्या प्रबंधात ज्या जाळ्यांचा पाया घातला, त्यांवर पुढे विल व्हान डेर आल्स्ट यांनी वर्कफ्लोच्या 'साउंडनेस'ची व्याख्या बसवली. तिच्यातली एक अट हीच: शेवटाला पोचलेल्या केसमध्ये मागे एकही टोकन उरता कामा नये. मला ही व्याख्या फुटाण्यांनंतर कळली, आधी वाचली तेव्हा नुसती परीक्षेपुरती वाटली होती.

आम्ही लावलेली ठिगळं

पहिल्यांदा तक्रार आली ती अडकलेल्या केसेसची. "पेमेंट होऊन गेलं, तरी गाडी चालूच दिसून राहिली." टीममधल्या पोराने पेमेंटनंतरचा साधा एंड इव्हेंट (शेवटाचं चिन्ह) काढून टर्मिनेट एंड इव्हेंट बसवला. यादी एका दिवसात स्वच्छ. शाबासकीही मिळाली, मीच दिली.

टर्मिनेट एंड इव्हेंट म्हणजे काय, तर तो ज्या पातळीवर आहे त्या पातळीवरचं प्रत्येक टोकन मारतो. म्हणजे आमचं पेमेंट वेळेआधी निघायचं ते निघतच होतं. आता त्याच्या जोडीला ग्रेडरच्या हातातलं कामही मारलं जात होतं. आधी निदान केस अडकून बोंब तरी मारायची. टर्मिनेटने तिचं तोंडच बंद केलं. ग्रेडरच्या फोनपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता, कारण बहुतेक वेळा दुसरं ग्रेडिंग पहिल्यासारखंच यायचं आणि रक्कम बदलायचीच नाही. ज्या दिवशी माल खरोखर खालच्या ग्रेडचा निघाला, त्या दिवशी फुटलं.

तुमच्या प्रोसेसमध्ये पॅरलल गेटवेनंतर टर्मिनेट एंड असेल आणि तो तिथे का आहे ते कोणालाच सांगता येत नसेल, तर आधी तो संशयित धरा.

दुसरं ठिगळ: जॉइनच्या जागी एक्सक्लुसिव्ह गेटवे. हे आम्ही टेस्टवरच थांबवलं. एक्सक्लुसिव्ह गेटवे टोकनं एकत्र करत नाही, त्यामुळे एकही वाद नसलेल्या गाडीचंसुद्धा पेमेंट दोनदा निघतं, एकदा कागद झाले म्हणून आणि एकदा ग्रेडिंग झालं म्हणून. 'एकच काम नेहमी बरोबर दोनदा होतंय' अशी तुमची तक्रार असेल तर फोर्क पॅरलल आणि मिलाप एक्सक्लुसिव्ह आहे का, ते बघा. उलटंही बघा: फाटा एक्सक्लुसिव्ह आणि मिलाप पॅरलल असेल तर केस प्रत्येक वेळी जॉइनवर अडकते, कारण दुसऱ्या बाणावर टोकन कधी जाणारच नसतं. या दोन्हींत लूपचा संबंधच नाही.

तिसरं ठिगळ सांगणारे पुष्कळ भेटतील: जॉइन इन्क्लुसिव्ह करा. खरं सांगायचं तर आमच्या इंजिनात याने पेमेंट सुधारलं असतं. इन्क्लुसिव्ह जॉइन मागे वळून बघतो, इथवर पोचू शकणारं कोणी अजून वाटेत आहे का, आणि असेल तर थांबतो. पण ताईंकडे गाडी दोनदा येणं तसंच राहतं. शिवाय लूपच्या आतला इन्क्लुसिव्ह जॉइन हे प्रत्येक इंजिन आपापल्या परीने समजून घेतं. उद्या इंजिन बदललं की परत फुटाणे घेऊन बसावं लागेल. मी ते टाळतो.

मग दुरुस्त कसं केलं

आकृतीला हात लावायच्या आधी एक प्रश्न ग्राहकाला विचारायला हवा होता, तो आम्ही तेव्हा विचारला: गाडी परत ग्रेडिंगला गेली तर ताईंनी तपासलेल्या कागदांचं काय? राहू द्यायचे, की परत बघायचे?

उत्तर 'राहू द्या' असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. ग्रेडिंगच्या आधी, त्याच फाट्यात, एक एक्सक्लुसिव्ह गेटवे टाकायचा आणि वादाचा बाण तिथे आणायचा. लूप कुंपणाच्या आत राहतो. ताईंचं टोकन जॉइनवर निवांत थांबतं, आणि ते थांबणं योग्यच असतं.

'सगळंच परत' असं उत्तर असतं तर तेही सोपं. दोन्ही फाटे संपू द्यायचे, जॉइन होऊ द्यायचा, आणि त्यानंतर विचारायचं, वाद आहे का? असेल तर फोर्कच्या आधीच्या गेटवेवर परत. जॉइननंतर टोकन एकच असतं, त्याला घेऊन कुठेही जा. तोटा इतकाच की ग्रेडिंग पहिल्या मिनिटाला फसलं तरी कागदांची वाट पाहावी लागते.

आमच्याकडे उत्तर आलं मधलं. ताई म्हणाल्या, "खातं अन् उचल परत कशाला बघू मी? पण काटा परत झाला तर पावती नवी येते, ती तर बघावीच लागेल. अन् जुन्या पावतीवर मी काम करून राहिली असेन तर ते तिथंच थांबवा ना, उगाच दोनदा काऊन करायला लावता?"

या एका वाक्यात सगळं स्पेसिफिकेशन होतं. वाद झाला की दुसऱ्या फाट्यावरचं काम तिथल्या तिथे थांबायला हवं. बीपीएमएनमध्ये यासाठीची जागा म्हणजे एम्बेडेड सबप्रोसेस, आकृतीच्या आतली छोटी आकृती. फोर्क, दोन्ही फाटे आणि जॉइन आम्ही एका सबप्रोसेसच्या चौकटीत घातले. कुंपण आता खरोखर कागदावर दिसायला लागलं. ग्रेडिंगनंतर 'वाद' असेल तर बाण मागे जात नाही, तो चौकटीच्या आतच एका एरर एंड इव्हेंटवर संपतो. चौकटीच्या कडेवर एरर बाउंडरी इव्हेंट. एरर उठली की इंजिन पूर्ण सबप्रोसेस बंद करतं, आत कोण कुठे आहे ते न बघता सगळी टोकनं काढून टाकतं, आणि कडेवरून एकच टोकन बाहेर येतं. ते जातं 'परत काटा'वर, तिथून एक्सक्लुसिव्ह गेटवेतून पुन्हा त्याच सबप्रोसेसमध्ये. नवी फेरी, कोरी पाटी.

करताना ठेच लागलेल्या जागा:

बाउंडरी इव्हेंट एररचाच घ्या. एरर बाउंडरी नेहमी चालू काम तोडणारीच असते. एस्कलेशनची बाउंडरी न तोडणारीही ठेवता येते, आणि मॉडेलरमध्ये चुकून तशी ठेवली गेली की आपण पहिल्याच घरात परत: जुनं टोकन आत जिवंत, नवं बाहेर फिरतंय.

एरर कोड दोन्हीकडे अक्षरश: सारखा हवा. कामुंडा ७ मध्ये पकडणारं कोणी सापडलं नाही तर डीफॉल्ट वागणूक अशी की तो फाटा साध्या एंड इव्हेंटसारखा गुपचूप संपतो. म्हणजे कोडमध्ये एका अक्षराची चूक झाली तर ग्रेडिंगचं टोकन हवेत विरतं आणि जॉइनवर कागदांचं टोकन कायमचं बसतं. लक्षण परत तेच, 'केस अडकली', कारण मात्र साफ वेगळं.

'खातं तपासलं' ही खूण सबप्रोसेसच्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. सबप्रोसेस मेला की ती सोबत जाते. ती वरच्या पातळीवर ठेवली, आणि कागदांच्या फाट्याच्या सुरुवातीला एक्सक्लुसिव्ह गेटवे टाकला: खातं झालेलं असेल तर थेट पावतीवर जा. याच्या उलट, 'ग्रेडिंगचा निकाल' हे व्हेरिएबल फेरीच्या सुरुवातीला पुसायलाच हवं. आम्ही विसरलो होतो. दुसऱ्या फेरीत फॉर्म उघडताच 'वाद' आधीच निवडलेलं दिसायचं आणि घाईत कोणी सबमिट केलं की गाडी परत काट्यावर.

फेऱ्या मोजा. वरच्या पातळीवर एक आकडा, प्रत्येक वादाला एकने वाढणारा. तिसऱ्यांदा वाद झाला की गाडी काट्यावर न जाता मालकांच्या यादीत जाते. आणि कामाच्या नावातच 'फेरी २' असं दाखवा. ताईंना गाडी दोनदा दिसण्याचा त्रास नव्हता, का दिसते ते न कळण्याचा होता. त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं की यादीत गाड्या डबल येतात. आम्ही ते स्क्रीन रिफ्रेशच्या खात्यात टाकलं. खरं तर उरलेल्या टोकनचा तो पहिला आणि सगळ्यात स्वस्त पुरावा होता.

दिसायला सारखं, पण दुसरं दुखणं

एकच काम दोनदा होण्याचं आणखी एक कारण आहे, त्याची यात सरमिसळ करू नका. दोन्ही फाट्यांवर माणसांऐवजी सर्व्हिस टास्क (सिस्टिम स्वतः करते ती कामं) असतील, ते असिंक (मागे वेगळा जॉब म्हणून चालणारे) असतील आणि दोघंही एकाच क्षणी जॉइनवर आले, तर दोन ट्रान्झॅक्शन एकाच नोंदीवर भिडतात. इंजिन एकाला पुढे जाऊ देतं, दुसऱ्याला ऑप्टिमिस्टिक लॉकिंगचं ('नोंद मधेच बदलली') एक्सेप्शन देऊन मागे फिरवतं आणि जॉब पुन्हा चालवतं. हे वागणं बरोबर आहे. पण मागे म्हणजे कुठे? शेवटच्या सेव्ह पॉइंटपर्यंत, म्हणजे जिथवरचं डेटाबेसमध्ये लिहून झालंय तिथवर. तो सर्व्हिस टास्कच्या आधी असेल तर टास्क परत चालतो आणि शेतकऱ्याला एसएमएस दोनदा जातो.

ओळखायची खूण: हे लॉगमध्ये दिसतं, आणि वाद नसलेल्या गाड्यांनाही होतं, पण कधीमधी. उपाय म्हणजे जॉइनवर 'असिंक बिफोर' लावा, म्हणजे सेव्ह पॉइंट जॉइनच्या तोंडाशी येतो आणि परत फिरलं तरी टास्कला धक्का लागत नाही. बाहेरच्या सिस्टिमला जाणाऱ्या प्रत्येक कॉलसोबत गाडी क्रमांक आणि फेरी क्रमांक मिळून एक किल्ली पाठवा. समोरच्याने ती एकदा पाहिली असेल तर दुसऱ्यांदा काही करू नये. कामुंडा ७ मध्ये जॉब डीफॉल्टने एक्सक्लुसिव्ह असतात, म्हणजे एकाच केसचे दोन जॉब एकदम चालवले जात नाहीत; 'फास्ट व्हावं' म्हणून कोणी ते बंद केलं असेल तर आधी विचारा का.

जाता जाता: या घराण्यात पॅरलल गेटवे टाकला म्हणून सर्व्हिस टास्क आपोआप एकाच वेळी चालत नाहीत. असिंक लावलं नसेल तर एकच थ्रेड आधी एक फाटा चालवतो, मग दुसरा. गेटवे फक्त एवढंच म्हणतो की क्रम ठरलेला नाही.

जुन्या केसेसचं काय

नवी आकृती डिप्लॉय केली म्हणून चालू केसेस सुधारत नाहीत. त्या ज्या आवृत्तीवर सुरू झाल्या तिच्यावरच चालत राहतात, म्हणजे जुना घोळ अजून काही दिवस यार्डात उभा असतो.

बाधित केसेस शोधायला आम्हाला टर्मिनेटनेच मदत केली. इतिहासाच्या टेबलात प्रत्येक पायरीची सुरुवात, शेवट आणि ती पूर्ण झाली की रद्द झाली, हे लिहिलेलं असतं. ज्या केसमध्ये ग्रेडिंग 'रद्द' आहे आणि तरी पेमेंट झालंय, ती बाधित. एक क्वेरी, पूर्ण यादी. टर्मिनेट लावायच्या आधीच्या केसेससाठी खूण वेगळी: चालू एक्झिक्युशनच्या टेबलात जॉइनवर एकच निष्क्रिय ओळ, आणि त्या केसचं पेमेंट झालेलं.

चालू केसेस हलवायला कामुंडात प्रोसेस इन्स्टन्स मॉडिफिकेशन आहे, याच घराण्यातल्या फ्लोएबलमध्ये अवस्था बदलायची एपीआय आहे. दोन्हींनी एखाद्या पायरीवरचं टोकन रद्द करता येतं आणि दुसरीकडे नवं ठेवता येतं. पण हे घाऊक करू नका. एका गाडीची दोन टोकनं चालू असतात तेव्हा कोणतं जुनं आणि कोणतं नवं ते टोकनवर लिहिलेलं नसतं, वेळ बघून ठरवावं लागतं. आम्ही एका शनिवारी ग्राहकाच्या ऑफिसात बसलो, एका बाजूला इतिहासाची यादी, दुसऱ्या बाजूला ताईंचं गाडी रजिस्टर. ताई गाडीचा नंबर वाचणार, ग्रेडर आपल्या वहीतलं दुसरं ग्रेडिंग सांगणार, आम्ही ते भरून, केस अजून चालू असेल तर टोकन हलवणार. आधी एक गाडी टेस्ट डेटाबेसवर, मग तीच खऱ्यावर.

दुपारपर्यंत एक सोडून सगळ्या गाड्या निघाल्या. त्या एकीचं दुसरं ग्रेडिंग ग्रेडरच्या वहीतही नव्हतं. टर्मिनेटने काम यादीतून काढल्यावर तो कॅरेटं तशीच सोडून पुढच्या गाडीकडे गेला होता. मालक म्हणाले, "राहू द्या, पहिलं ग्रेडिंग धरा, फरक मी बघतो." ताईंनी रजिस्टरमध्ये तसं लिहून घेतलं, खाली मालकांची सही घेतली, आणि आम्ही ती गाडी यादीतून हाताने काढली.